आमच्याकडे एक्सप्लोड चालत नाही

माझ्या मोबाईलमध्ये गिऱ्हाइकांची दोन कुळं आहेत. एक 'आधी' आणि दुसरं 'जळल्यावर'. नंबर साठवतानाच मी नावापुढे लावून टाकते. आधीवाले सगळं ठीक चाललेलं असताना फोन करतात, "ताई, बरेच दिवस झाले, एकदा पाहून जा." जळल्यावरवाल्यांचं नावातच आलं. त्यांचा फोन वाजला की मी पहिले घोटभर पाणी पिते, कारण नंतर जे बोलायचं असतं ते कोरड्या घशानं धड बोलता येत नाही. आधीवाले एका हाताच्या बोटांवर मावतात. दुसरे पाहायचे तर अंगठा दुखेस्तोवर स्क्रीन सरकवावी लागते.

काम काय करते ते सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कोणावर चिडून राहिली आहे. घराचे, दवाखान्याचे, कारखान्याचे नकाशे आता कोणी कागदावर काढत नाही, कॉम्प्युटरवर काढतात. त्या सॉफ्टवेअरला कॅड म्हणतात. त्या कॅडला जी कीड लागते ती मी काढते आणि पुन्हा लागू नये म्हणून बंदोबस्त करून देते. लोक मला 'व्हायरसवाल्या बाई' म्हणतात, जसं काही मीच सोडून येते.

शिकले म्हणाल तर कोणी शिकवलं नाही. तांडापेठेत आमच्या घरी माग होता, बाबा विणायचे. मॅट्रिक झाल्यावर मी एका आर्किटेक्टकडे ट्रेसिंग करायला लागले, पातळ कागद ठेवून शाईनं नकाशा गिरवायचा. पुढे त्यांच्याकडे कॉम्प्युटर आला आणि त्याच्याजवळ जायला सगळे घाबरायचे. मी गेले. डिक्शनरी मांडीवर घेऊन मदतीची पानं वाचली, चुका केल्या, पुन्हा वाचली. आज साठी उलटली तरी तेच करते, फक्त डिक्शनरी आता फोनमध्ये आहे.

बाबांची एक गोष्ट मात्र मी कॅडमध्ये घेऊन आले. ताण्याचा एक धागा तुटला की ते माग थांबवायचे. आई ओरडायची, गिऱ्हाईक दारात बसलं आहे, विणा न! ते म्हणायचे, "तुटक्यावर विणलं तर पूर्ण लुगडं तुटकं." धागा जोडायचे, मगच हात चालायचा. मला वाटायचं जगात सगळे असेच असतात. मग मी नागपूरच्या ऑफिसांत जायला लागले.

आता पाहा. इतवारीत एक सोनार आहे, अंगठ्यांचे नमुने कॉम्प्युटरवर काढतो. चांगला कलाकार माणूस. त्याला महागाचं सॉफ्टवेअर फुकट पाहिजे होतं. कुठल्यातरी साइटवर मिळालं, सोबत सूचना होती की लावण्याच्या पहिले अँटिव्हायरस बंद करा. यानं केला! चोर दारात उभा राहून सांगतो, शेठजी, पहिले कुत्रा बांधा, आणि शेठजी बांधतात. दोन दिवसांनी सगळे नमुने कुलूपबंद, खंडणीची चिठ्ठी स्क्रीनवर. मला म्हणतो, "बाई, अँटिव्हायरस कायच्या कामाचा?" मी काय उत्तर दिलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

आणि ते प्लॉटिंगचं दुकान. मोठे नकाशे मोठ्या कागदावर काढून देणारी मोजकीच दुकानं, सगळ्या शहराचे पेनड्राइव्ह तिथं एकाच मशीनला लागतात. सगळ्या गावानं एकाच गडव्याला तोंड लावून पाणी प्यावं तसं. दुकानदारानं प्लॉटरवर लिंबू-मिरची टांगली आहे. मी म्हटलं, भाऊ, हे कोणासाठी? म्हणे, नजर लागते न मशीनले.

हसू येते ना? मलाही यायचं. देशकरांच्या ऑफिसात जाऊन आले तेव्हापासून येत नाही.

देशकर हे काही त्यांचं खरं नाव नाही. धरमपेठेतले आर्किटेक्ट, नाव आहे त्यांना, हातही चांगला आहे. मे महिन्यात त्यांचा फोन आला. 'जळल्यावर देशकर'. पाणी प्यायले, स्कूटी काढली आणि प्रताप नगरहून तोंडाला ओढणी गुंडाळून भर उन्हात निघाले.

हॉलमध्ये कूलर घरघरत होता आणि बाकी कोणी आवाज करत नव्हतं. भिंतीजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी जी खुर्ची ठेवतात, तिच्यावर एक पोरगी पर्स मांडीवर घेऊन बसलेली. तेविसेक वर्षांची असेल. मला वाटलं नोकरी मागायला आली आहे. ती होती रोशनी, तिथंच दोन वर्षांपासून ड्रॉइंग काढणारी. तिची खुर्ची खिडकीपाशी होती, पण सकाळपासून तिला त्या खुर्चीवर बसू दिलं नव्हतं.

देशकरांनी केबिनमध्ये बोलावलं. गोष्ट अशी होती की उमरेडकडे एका मोठ्या दवाखान्याचं काम त्यांच्याकडे होतं. इमारतीच्या खांब-तुळयांचा हिशेब पुण्याची एक कंपनी करणार, त्यांची नेहमीचीच, म्हणून इथून पूर्ण फोल्डर झिप करून पाठवलेलं. पुण्याहून मेल आला की तुमच्या फोल्डरमध्ये घातक फाईल सापडली. ती कुठून आली, कोणामुळे आली आणि तुम्ही काय केलं, हे सोमवारी कळवा, त्याशिवाय पुढचं काम होणार नाही.

"झिप कोणी केलं होतं?" देशकर मला विचारत नव्हते, सांगत होते. "या पोरीनं. आता समजूनच घ्या. वडील कळमन्याच्या फळबाजारात हमाली करतात, घरी कॉम्प्युटर नाही. तिकडं वस्तीत कुठल्यातरी सायबर कॅफेत पेनड्राइव्ह खुपसला असेल. मी सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं तिला, तुझ्यामुळे माझं नाव खराब झालं. सोमवारच्या मेलमध्ये लिहून टाकतो, संबंधित कर्मचाऱ्याला काढलं. तुम्ही फक्त साफ करून द्या आणि पुण्याहून फोन आला तर एवढं म्हणा की पेनड्राइव्हमधून आला."

नागपूर किती मोठं आहे सांगू? आर्किटेक्टांपुरतं म्हणाल तर एका चहाच्या टपरीएवढं. असा मेल गेला की आठवड्यात सगळ्यांना माहीत. त्या पोरीला दुसऱ्या कोणत्या ऑफिसनं माउसला हात लावू दिला नसता. दोन वर्षांचं काम, बापानं पाठीवर पेट्या वाहून केलेला तिचा डिप्लोमा, सगळं त्या एका ओळीत जाणार होतं.

"साहेब," मी म्हटलं, "मीपण वस्तीतलीच आहे. पहिले पाहू तर द्या."

रोशनीच्या मशीनवर बसले. अँटिव्हायरसची हिरवी खूण कोपऱ्यात चमकत होती, सगळं उत्तम म्हणून. मी एक जुनं ड्रॉइंग उघडलं, एक दरवाजा निवडला आणि एक्सप्लोड मारलं. कोणत्याही ऑफिसात मी पहिले हेच करते, डॉक्टर जीभ पाहतो तसं.

एक्सप्लोड म्हणजे काय तर गाठ सोडणं. कॅडमध्ये दरवाजा काढला की चौकट, पल्ला, तो उघडतो तो अर्धगोल, सगळ्याचं मिळून एक गाठोडं बांधून ठेवतात. पाहिजे तिथं उचलून मांडा. पण त्यातली एखादी रेघ बदलायची असली तर गाठोडं सोडावं लागते. ते सोडायची कमांड म्हणजे एक्सप्लोड. रोज दहादा लागते.

खाली उत्तर आलं की ही वस्तू एक्सप्लोड होऊ शकत नाही. मोठ्या अदबीनं, मोडक्या इंग्रजीत.

मागून आवाज आला, "ताई, ते नाही चालत आपल्याकडे."

हे बावणे भाऊ. ऑफिसातले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन, केस पिकलेले, गळ्यात चष्म्याची दोरी.

"नाही चालत म्हणजे? कधीपासून?"

"पहिलेपासूनच. आमच्याकडे एक्सप्लोड नसते."

"मग दरवाजा बदलायचा असला तर काय करता भाऊ?"

"काय करता म्हणजे? त्याच्यावरून नवीन काढतो न. एक एक रेघ. मंग जुना पुसून टाकतो."

"आणि हे तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"साहेबांनीच सांगितलं होतं, आपल्या ऑफिसची पद्धत हाय. नवीन पोरगं आलं का पहिल्या दिवशी चहासोबत सांगतो आम्ही, हे पाहा बाबू, बाथरूम तिकडं हाय, एक्सप्लोड चालत नाही."

ही कीड माझ्या ओळखीची होती. जुनी, गावठी, पण चिवट. कॅडला एक सवय आहे. ड्रॉइंग उघडताना त्याच फोल्डरमध्ये एका ठराविक नावाची छोटी सूचनांची फाईल पडलेली असली तर ते न विचारता ती चालवते. ही सोय होती, हुशार ड्राफ्ट्समन आपल्या कामाच्या युक्त्या तिच्यात लिहून ठेवायचे. किडीनं तेच नाव घेतलं. तुम्ही ड्रॉइंग उघडलं की ती जागी होते, दोन-चार कमांडा मारून टाकते आणि पुढं ज्या ज्या फोल्डरमधलं ड्रॉइंग उघडाल तिथं आपलं एक पिल्लू ठेवून येते. आणि आपली पद्धत काय? ड्रॉइंग पाठवायचं तर एकटं पाठवायचं नाही, पूर्ण फोल्डर झिप करायचं, काही राहून जायला नको. म्हणजे पिल्लू सोबत गेलंच. झिप करणाऱ्याला ते दिसतसुद्धा नाही.

पण ती माझ्या डोक्यात गेली नाही. किडीचा धर्मच तो. डोक्यात गेली ती 'पद्धत'. एक बिघाड आला, कोणी विचारलं नाही हे काहून झालं, उलट त्याला खुर्ची दिली, चहा दिला, नवीन माणसाला त्याची ओळख करून द्यायला लागले!

"मी विचारलं होतं."

रोशनी. भिंतीजवळच्या खुर्चीवरूनच बोलली, मान वर न करता.

"काय विचारलं होतं बेटा?"

"पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, सर, आमच्या कॉलेजमध्ये चालत होतं, इथं काहून चालत नाही? व्हायरस तर नाही? सर म्हणाले, कॉलेज वेगळं, ऑफिस वेगळं. शिकायला आली आहेस, शिकवायला नाही."

बावणे भाऊंनी चष्मा काढून पुसायला घेतला. ते तिथंच होते त्या दिवशी. सकाळी सगळ्यांसमोर तिला बोललं गेलं तेव्हाही तिथंच होते.

मी अँटिव्हायरस उघडला. हिरव्या खुणेच्या मागं एक छोटी खिडकी असते, त्यात लिहितात की कोणत्या जागा तपासायच्या नाहीत. त्यात एकच नोंद होती, सगळे प्रोजेक्ट ज्या ड्राइव्हवर ठेवतात ती पूर्ण ड्राइव्ह. म्हणजे चौकीदार ठेवला, त्याला पगार दिला आणि सांगितलं की तिजोरीकडे पाठ करून उभा राहा.

"हे कोणी केलं भाऊ?"

"साहेबांनी करवून घेतलं होतं. ड्रॉइंग उघडायले वेळ लागत होता म्हणे."

मग मी त्या फाईलचं नाव घालून पूर्ण ड्राइव्ह शोधायला लावली. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. प्रत्येक बंगला, प्रत्येक स्कीम, प्रत्येक शाळा. सगळ्यात जुनी सापडली त्रिमूर्ती नगरच्या एका बंगल्याच्या फोल्डरमध्ये. मी रोशनीला जवळ बोलावलं, बोट ठेवून वर्ष दाखवलं.

"या वर्षी तू कितवीत होतीस गं?"

तिनं बोटांवर वर्षं मोजली. "सातवीत."

बावणे भाऊ म्हणाले, "काहून रडून राहिली वं? चांगलं झालं न." आणि स्वतःच दुसरीकडे तोंड फिरवलं.

मी ताडताड केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. देशकरांनी शांतपणे ऐकलं, एसीचा रिमोट घेऊन दोन बटणं दाबली.

"असं का. बरं. काढून टाका मग."

"आणि रोशनी?"

"मॅडम, तुम्ही समजून घ्या. पुण्याला असं थोडी सांगता येते की दहा-अकरा वर्षांपासून आमच्याकडे ही घाण आहे? इतक्या वर्षांची माझी इज्जत आहे. पोरगी लहान आहे, तिला दुसरीकडे मिळून जाईल काहीतरी."

म्हणजे त्यांना कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. कळल्यावरही त्यांनी तेच ठरवलं. अडाणीपणावर मी चिडत नाही, मी स्वतः त्यातून वर आले. पण समजूनउमजून एका पोरीच्या माथ्यावर आपली घाण रिकामी करायची आणि वर एसी थंड करायचा! तिथं भांडले असते तर काम अर्धवट टाकून निघाले असते, आणि मग पुण्याचा फोन त्यांनी एकट्यानंच घेतला असता. म्हणून थांबले.

शनिवार-रविवार सफाई केली. सगळी मशीनं एकमेकांपासून तोडली. आधी सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरमधली फाईल काढली, कारण ती राहिली तर बाकीच्या काढून उपयोग नाही, लगेच पिल्लं घालते. मग ड्राइव्हवरच्या, मग पेनड्राइव्ह. चौकीदाराचं तोंड तिजोरीकडे फिरवलं. कॅडला सांगून ठेवलं की अनोळखी फोल्डरमधली सूचनांची फाईल चालवायची नाही, विचारायचं. आणि माणसांना सांगितलं, कॅडनं विचारलं की 'नाही' म्हणायचं. हे शेवटचं सगळ्यात कठीण. आपल्या लोकांना खिडकी उघडली की 'हो' दाबायची इतकी घाई असते, जशी पंगतीत जिलबी आली आहे.

देशकरांच्या कपाटात जुन्या कामांची एक हार्ड डिस्क होती. मागितली. "ती माझी पर्सनल आहे," म्हणाले. मी म्हटलं, मग ती उघडू नका, उघडायची असली तर मला पहिले बोलवा. "हो हो."

रविवारी दुपारी मी बावणे भाऊंना बोलावलं. म्हटलं, मारा एक्सप्लोड.

त्यांनी दरवाजा निवडला, कमांड दिली. गाठोडं सुटलं. चौकट वेगळी, पल्ला वेगळा, अर्धगोल वेगळा. भाऊंनी दुसरा दरवाजा घेतला. मग खिडकी. मग जिना, झाडं, पार्किंगमधल्या गाड्या, संडासाची सीट, अंगणातलं तुळशी वृंदावन, सगळं फोडत सुटले. मी म्हटलं, भाऊ, बस करा, कामाचं ड्रॉइंग आहे ते!

"ताई," ते स्क्रीनकडे पाहत म्हणाले, "मनीष नगरच्या स्कीमचे सगळे दरवाजे बदलले होते मी. हातानं. पोरीचं लग्न होतं घरी, सुट्टी नाही भेटली. हळदीच्या दिवशी इथं बसून रेघा काढत होतो." मग माउस सोडून दिला. "पद्धत म्हणे."

सोमवार. देशकरांनी मला केबिनमध्ये बसवून ठेवलं होतं. फोन आला. पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरची सुरक्षा पाहणाऱ्या एक बाई होत्या, आवाज गोड, भाषा अगदी धुतलेली. देशकरांनी स्पीकर लावला, माझ्याकडे पाहून मान हलवली. दार उघडंच होतं, हॉलमधला कूलर कोणीतरी बंद केला होता.

"नमस्कार. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं आहे, की फाईल तुमच्याकडे नेमकी कशी आली?"

देशकर म्हणाले, "मॅडम, आमची एक कर्मचारी..."

"कर्मचारी नाही," मी म्हटलं. "बाई, मी सफाई करणारी बोलते आहे. ती फाईल या ऑफिसात दहा-अकरा वर्षांपासून आहे. कुठून आली ते आता देवालाही सांगता येणार नाही. झिप करणाऱ्या मुलीचा काही संबंध नाही. उलट तिनंच पहिल्या दिवशी विचारलं होतं की एक्सप्लोड का चालत नाही."

देशकरांचा चेहरा मी पाहिला नाही. मुद्दामच.

"क्षमा करा. काय चालत नाही म्हणालात?"

"एक्सप्लोड. ही कीड ती कमांड मारून टाकते. ऑफिसला वाटत होतं की आपल्याकडे ती नसतेच."

पलीकडे मागं कोणाला तरी हळू आवाजात काहीतरी विचारल्याचं ऐकू आलं. एक पुरुषी आवाज म्हणाला, "नाही मॅडम, आपल्याकडे फक्त तुमच्या नवीन मशीनवर चालतं."

"मी..." त्या बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला परत फोन करते."

फोन बंद.

हॉलमधून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. किती वर्षांपासून हे दोघं एकमेकांना फोल्डरं पाठवून राहिले होते! यानं त्याला दिली की त्यानं याला, कोण जाणे. संध्याकाळी पुण्याहून दोन ओळींचा मेल आला. विषय आमच्या बाजूनं संपला आहे, काम पुढं सुरू करावं. कोणामुळे झालं वगैरे त्यात काही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, चला, सुटली पोरगी. मला मात्र त्या क्षणी सगळ्यात जास्त राग आला. ती खरी होती म्हणून सुटली नाही. मोठ्यांच्या घरातही तीच घाण निघाली म्हणून सुटली. पुणं स्वच्छ असतं तर तिचा बळी ठरलेला होता, मी कितीही बोंबलले असते तरी.

देशकर एकदम मोकळे झाले. समोसे मागवले. हॉलमध्ये येऊन म्हणाले, "अरे रोशनी, बस न तुझ्या जागेवर. मी काय तुला काढणार होतो का? घे, समोसा घे."

रोशनी उभीच राहिली. "सर, शुक्रवारी तुम्ही सगळ्यांसमोर म्हटलं होतं, माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं. माझ्या बाबांचंही काढलं. आता सगळ्यांसमोर सांगा, की तसं नव्हतं."

"अगं, व्हायरस होता तो. झालं गेलं."

"तेच सांगा न सर."

देशकर हसले, इकडे तिकडे पाहिलं, "चला, कामं पडली आहेत," म्हणत केबिनमध्ये गेले. दार लागलं. बावणे भाऊंनी हातातला समोसा परत कागदावर ठेवला. दुसऱ्यानंही ठेवला. मग कोणीच खाल्ला नाही. तेल कागदातून टेबलावर उतरत गेलं. निघताना मी केबिनचं दार उघडून सांगितलं, "साहेब, तिला ते वाक्य म्हटल्याशिवाय मी या ऑफिसात परत येणार नाही." ते म्हणाले, "हो हो, म्हणू न."

रोशनी गेली नाही. जाऊन कुठं जाणार, घरी बापाची पाठ धरलेली. भाऊ मधूनमधून फोनवर सांगायचे. रोज सकाळी येते, एक दरवाजा घेते, एक्सप्लोड मारून पाहते, मग कामाला लागते. कोणाशी जास्त बोलत नाही. साहेबांनी ते वाक्य काही म्हटलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात करंज्या तळत होते. फोन वाजला. 'जळल्यावर देशकर'. गॅस बंद केला, पाणी प्यायले.

"मॅडम, जरा प्रॉब्लेम झाला. एक्सप्लोड परत बंद पडलं."

"कोणाचं?"

"...माझं. केबिनमधलं."

"ती हार्ड डिस्क लावली?"

"एक जुना प्लान पाहायचा होता फक्त."

"कॅडनं विचारलं असेल, ही फाईल चालवू का?"

"हो दबून गेलं हो."

दबून गेलं! माणसं दाबत नाहीत, ते आपोआप दबून जाते. "बाकीची मशीनं?"

"रोशनीनं लगेच नेटवर्कची तार काढून टाकली माझी. बाकीचे वाचले. तुम्ही येता का आज? उद्या एक सबमिशन आहे."

"ते वाक्य म्हटलं का?"

"अहो मॅडम, तीन महिने झाले. ती विसरलीसुद्धा."

"मी नाही विसरले. तुम्ही असं करा साहेब, बाहेर हॉलमध्ये जा. फोन चालूच ठेवा. मी ऐकते."

"मॅडम, हे काहीच्या काही..."

"करंज्या अर्ध्या राहिल्या आहेत माझ्या. सांगा लवकर."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार. कूलरची घरघर मोठी झाली. मग देशकरांचा आवाज, एकदम पातळ, "रोशनी, ते मे महिन्यातलं... ते तुझ्यामुळे नव्हतं. मी बोललो ते चुकीचं होतं. तुझ्या वडिलांबद्दलपण."



मग रोशनीचा आवाज आला, शांत, जसं ड्रॉइंगमधलं माप विचारावं तसा. "सर, तिकडं मागं बावणे काकांना ऐकू नाही आलं."

"आलं नाही खरंच," भाऊ म्हणाले. "कूलर लय आवाज करते साहेब."

कूलर बंद झाला. देशकरांनी पुन्हा म्हटलं. या वेळी मोठ्यानं, पूर्ण, पहिल्यापासून.

त्यांचं मशीन बंद पडलं म्हणून म्हटलं, एरवी म्हटलं नसतं, हे मला माहीत होतं. रोशनीलाही माहीत होतं. मी राहिलेल्या करंज्या सुनेवर सोपवल्या, बॅग उचलली आणि निघाले. रागातच.